एक तारखेला काय येतं?

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

व्यासपीठावर बसलेले आमचे वंदनीय गुरुजन, आणि समोर बसलेल्या १९७२ च्या अकरावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "तू कोषागारात होतास, तर निवृत्तीनंतरच्या पैशावर बोल. पण जेवणाआधी बोल. भरीत आणि कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर तुझं कोणी ऐकणार नाही." म्हणून हा मधला वेळ मला मिळाला आहे. समोर आपले गणिताचे सर बसलेत, तेव्हा आकडे जपून बोलतो. चुकलो तर सर, उभं करा. कान धरायला आता माझा हात पोचत नाही, खांदा आखडलाय.

यंदा आपण बहुतेक सगळ्यांनी सत्तरी ओलांडली. जर्मनीत १८८९ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी वय ठेवलं होतं सत्तर. त्या काळात तिथवर पोचणारे थोडेच असायचे. आज त्याच वयाचा आपला अख्खा वर्ग हारतुरे घालून बसलाय, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण अजून दहा-पंधरा वर्षं जगायचं, तर ती कशावर जगायची, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांनी वेळेवर विचारला. मीही विचारला नाही, आणि माझी तर नोकरीच त्यातली होती.

मी आमच्या बाकापासून सुरुवात करतो. खिडकीकडच्या रांगेत शेवटून दुसऱ्या बाकावर आम्ही चौघं बसायचो. चौघं आज इथे आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय, आणि नावं छापू नका असं स्मरणिकेच्या संपादकांनाही सांगितलंय. मार्चमध्ये आपली परीक्षा झाली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. त्या दुष्काळात आम्ही चौघांनी एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडली, एकाच रांगेत सुकडी खाल्ली. तोवर चौघांची मिळकत अगदी सारखी होती. पुढे काय झालं ते बघा.

पहिला मी. १९७९ ला कोषागारात कारकून म्हणून लागलो. जळगाव आणि धुळे मिळून ३४ वर्षं नोकरी केली आणि २०१३ ला ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. मला जुनं पेन्शन आहे. महागाई भत्ता वाढला की पेन्शन वाढतं, वेतन आयोग आला की पुन्हा वाढतं. २०१३ ला हातात जेवढं यायचं, त्याच्या दुपटीच्या वर आज येतं.

दुसरा एसटीत वाहक झाला. त्यानेही ५८ व्या वर्षापर्यंतच नोकरी केली, आणि कष्ट माझ्यापेक्षा जास्त. जळगाव-धुळे रस्त्यावर मे महिन्यात, पत्रा तापलेल्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडायची, म्हणजे काय ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. त्याला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना लागू आहे, ज्याला आपण ईपीएस-९५ म्हणतो. ती १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. हिशोब असा : पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पण पगार म्हणजे खरा पगार नाही. तो निवृत्त झाला तेव्हा त्याची कमाल मर्यादा होती ६,५०० रुपये. नोकरीही योजना सुरू झाल्यापासूनची, म्हणजे १८ वर्षं. सर, ६,५०० गुणिले १८ भागिले ७०. एक हजार सहाशे एकाहत्तर. आधीच्या जुन्या योजनेतल्या नोकरीचे काही शे रुपये धरून त्याला बावीसशेच्या आसपास बसले. यात महागाई भत्ता नाही. २०१३ ला बावीसशे, आजही बावीसशे. तेव्हा ते पैसे महिन्याच्या किराण्याला पुरायचे, आज गोळ्यांनाही पुरत नाहीत. जन्मभर लोकांना तिकीट दिलं, आता ज्येष्ठ म्हणून स्वतः अर्धं तिकीट काढतो. पंचाहत्तरी गाठली की पूर्ण फुकट. "तेवढ्यासाठी पाच वर्षं जगतो," म्हणतो.

तिसरा शेतकरी. सहा एकर, विहीर, एके काळी केळी, आता कपाशी. २०१८ ला त्याने दोन्ही मुलांना वाटणी करून दिली आणि सातबारा त्यांच्या नावावर केला. मुलं वाईट नाहीत, जेवणखाण, मानपान सगळं व्यवस्थित आहे. पण पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार ज्याच्या नावावर जमीन त्याला, म्हणजे तेही मुलांच्याच खात्यावर. ज्या माणसाने हजारो रुपयांची पट्टी खिशात घालून बाजार केला, तो आज चष्म्याची काडी मोडली तर दोन दिवस दोऱ्याने बांधून फिरतो. सुनेसमोर मुलाकडे पैसे मागायचे कसे, म्हणून.

चौथा अकरावीला इंग्रजीत गेला. घरावर कर्ज होतं. दुष्काळी काम संपलं आणि तो सालदार म्हणून राहिला, ते थेट पासष्टीपर्यंत. सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. मी पेन्शनच्या गोष्टी सांगायला लागलो की तो म्हणायचा, "तुले एक तारीख, मले आखाजी." आता शरीर थकलं, कोणी सालाने ठेवत नाही. मागच्या वर्षी मी विचारलं तर म्हणाला, "आते आखाजी बी नही."

त्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. तेही मिळवायला दीड वर्ष गेलं, कारण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला साडेसतराशे रुपये. एवढ्यात घर चालतं, असं ज्याने ठरवलं त्याने कधी आठवड्याचा बाजार केला नसावा. आणि गंमत बघा, ईपीएसचं किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये आहे. म्हणजे जन्मभर कारखान्यात वर्गणी भरलेल्या माणसाला निराधारापेक्षाही कमी. निराधाराचे पंधराशे जास्त आहेत असं मी म्हणत नाही. दोन्ही आकडे लाज वाटावी असेच आहेत.

एक बाक, एक फळा, एकच सुकडी. आणि पन्नास वर्षांनी एक तारखेला चौघांच्या घरी चार वेगळ्या गोष्टी येतात. यात कोण हुशार होता, कोण आळशी होता, याचा काही संबंध नाही. कोणाला कोणत्या साली कुठे चिकटायला मिळालं, एवढाच फरक. १९८२ च्या १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाने केलेली मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबरला आम्ही पेन्शनर दिन पाळतो. पण तो हक्क पोचला माझ्यापर्यंत. बाकावरच्या उरलेल्या तिघांपर्यंत पोचला नाही. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारात लागलेल्या आपल्या मुलांनाही तो तसाच मिळालेला नाही. त्यांचे पगारातले दहा टक्के आणि सरकारचा वाटा बाजारात गुंतवला जातो. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यभर संप झाला तो याचसाठी.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो.

कोषागारात नवीन पेन्शनर आला की मी त्याला एकच सांगायचो : काका, एकरकमी पैसा एका ठिकाणी ठेवू नका. स्वतः निवृत्त झालो तेव्हा उपदान, अंशराशीकरण, शिल्लक रजेचे पैसे, सगळं मिळून एवढी रक्कम आली की जन्मात एकत्र पाहिली नव्हती. बँक नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होती. एक पतसंस्था साडेबारा देत होती. तिथला माणूस ओळखीचा, शाखा घराजवळ, चहा मिळायचा, पासबुक भरून घरी आणून द्यायचे. नऊ लाख रुपये मी तिथे ठेवले. बायको म्हणाली होती, "अर्धे तरी पोस्टात टाका." मी म्हणालो, "तुला यातलं काय कळतं?"

वर्षभरात काउंटर बंद झाला.

खानदेशात पतसंस्थांची ही गोष्ट घरोघरी आहे. या मांडवात हात वर करायला सांगितलं तर किती हात वर होतील, ते मला माहीत आहे. एक साधी गोष्ट मला ठाऊक होती आणि मी ती विसरलो. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. तेव्हा तो एका बँकेत एका माणसाला एक लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. जास्तीचे साडेतीन टक्के मिळत होते ते या धोक्याचे होते. मला वाटलं, ते माझ्या ओळखीचे आहेत. नऊ लाखांपैकी आजपर्यंत दोन लाख सत्तर हजार परत आले.

पुढे २०१६ मध्ये बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. नाशिकला न्यायचं ठरलं. खर्च साडेतीन लाखांच्या पुढे. पेन्शनरांना सरकारी योजना लागू नव्हती, घरात रोकड नव्हती. तिने काही न बोलता बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. जळगावचं सोनं, लग्नातलं. ते मोडलं. तरीही कमी पडत होते. मी कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती, कारण जन्मभर मीच सगळ्यांना पैशाचा सल्ला दिलेला. पण गावात काय लपतं? वाहक आला, फंडातले उरलेले चाळीस हजार घेऊन. शेतकऱ्याने कपाशीच्या पट्टीतले साठ दिले. तेव्हा सातबारा त्याच्या नावावर होता, कोणाला विचारावं लागलं नाही. आणि सालदाराकडे द्यायला काही नव्हतं, तर तो मालकाकडून आठ दिवसांची सुट्टी घेऊन नाशिकला आला आणि आठ रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यासोबत झोपला. मी पैशांचं रडत होतो तर म्हणाला, "पैसा फिरी येतीन, वहिनीले सांभाय."

ती आज समोर बसलेली आहे. तिसऱ्या रांगेत. ती हसतेय, कारण हे भाषण तिने आधी वाचलंय आणि "तुला यातलं काय कळतं" हे वाक्य तिनेच मला घालायला लावलं.

मित्रांचे पैसे मी फेडले ते पेन्शनमधून, महिन्याला थोडे थोडे. एकरकमी आलेलं सगळं गेलं, आणि दर महिन्याला येत होतं त्याने घर उभं ठेवलं. म्हातारपणी आपल्याकडे किती आहे हे आपण एकमेकांना विचारतो. विचारायला हवं ते हे, की एक तारखेला काय येतं, कोणाच्या नावावर येतं, आणि मी गेल्यावर हिला काय येईल.

हा तिसरा प्रश्न पुरुष टाळतात. माझं पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्म्याने बसलं. मी गेल्यावर सर्वसाधारण दराने हिला मिळेल त्या पगाराच्या तीस टक्के. ईपीएसमध्ये विधवेला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मे, म्हणजे वाहकाच्या घरी अकराशे. आपल्या वर्गातली एक मैत्रीण, पहिल्या बाकावर बसायची, तिचे यजमान गिरणीत होते. तिला महिन्याला एक हजार येतात आणि त्यावर ती पाच घरची पापड-कुरडयांची कामं करते. कोषागारात असताना मी कितीतरी बाया पाहिल्या, ज्यांना नवऱ्याचं खातं कुठल्या बँकेत आहे हे तेराव्यानंतर कळलं. एकीचं कुटुंब निवृत्तिवेतन आठ महिने अडलं, कारण माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. आठ महिने तिने उधारीवर काढले, एका नावापायी.

आता तब्येतीबद्दल. आपली शाळा जळगाव जिल्ह्यात, पण निम्मी पोरं धुळे तालुक्यातल्या खेड्यांतून यायची. हद्द कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि गरजही नव्हती. २ जुलै २०१२ ला राज्यात जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली ती पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत. त्यात धुळे होतं. जळगाव आलं २१ नोव्हेंबर २०१३ ला. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर वर्षाला दीड लाखापर्यंतचं ऑपरेशन मोफत. मधल्या काळात सालदाराच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. तिच्या भावाचं तसंच ऑपरेशन धुळ्याला फुकट झालं होतं. हिचं कार्ड जळगाव जिल्ह्याचं. मालकाकडून उचल घेतली आणि ती फेडायला थोरला मुलगा कॉलेज सोडून सालाने राहिला. पाच-सात कोसांचं अंतर आणि सव्वा वर्षाचा उशीर, त्यात एका पोराचं शिक्षण गेलं. म्हणून मी म्हणतो की आजारपण हा म्हातारपणाचा सगळ्यात मोठा खर्च आहे, आणि तो फक्त म्हाताऱ्याच्या खिशातून जात नाही.

आज ती स्थिती नाही, हेही सांगितलं पाहिजे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यात. पेन्शनर असो, शेतकरी असो, सालदार असो. आमचा बाक पन्नास वर्षांनी पहिल्यांदा एका रांगेत आला तो या कार्डामुळे. पण काल संध्याकाळी मी इथे आलेल्या तेवीस जणांना विचारलं. कार्ड काढलेले निघाले सहा. आणि लक्षात ठेवा, हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतं. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी महिन्याचे पैसे वेगळेच लागतात. म्हणून पुन्हा तोच प्रश्न, एक तारखेला काय येतं?

तर आता चार कामं सांगतो. लिहून घ्या. सर, वही तपासायला तुमच्याकडे पाठवू.

एक. घरी गेल्यावर नवरा-बायको दोघांची कागदं एका पिशवीत करा. आधार, पासबुक, पेन्शनचा आदेश, ठेवींच्या पावत्या, विमा. दोघांचं नाव सगळीकडे सारखं आहे का पाहा. प्रत्येक खात्यावर वारस लावा. पिशवी कुठे आहे ते बायकोला दाखवा.

दोन. एका ठिकाणी सगळं ठेवू नका, आणि बँकेत विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवू नका. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं. व्याज कमी दिसेल. माझे नऊ लाख आठवा.

तीन. ज्यांनी अजून वाटणी केली नसेल त्यांनी घाई करू नका. स्वतःच्या आणि बायकोच्या नावावर हयातभर काहीतरी राहू द्या. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळण्याची अट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात असं आहे की अट लिहिलेली असून मुलांनी ती मोडली, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. शेतकरी मित्राने हे ऐकून मला काल विचारलं, "आता?" मी त्याला म्हणालो, आता मुलांना एवढंच सांग, की वाटणीच्या बदल्यात दर महिन्याला तुझ्या खात्यावर ठरावीक रक्कम टाका. मागायला लागू नये एवढ्यापुरती. त्याचा धाकटा मुलगा आज त्याला सोडायला आला होता. मांडवाबाहेर आम्ही तिघं बोललो. तो म्हणाला, "काका, आबांनी कधी सांगितलंच नाही." कधी कधी गोष्ट एवढीच असते.

चार. हे आपल्या सगळ्यांचं मिळून. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी शाळेच्या वाचनालयात बसणार आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. वय वंदना कार्ड, श्रावणबाळचा अर्ज, नावातल्या दुरुस्त्या, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला, ज्याचं जे अडलं असेल ते घेऊन या. फक्त आपल्या वर्गाचं नाही, गावातलं कोणीही. वाहक मित्र माझ्यासोबत बसेल. रांग लावायची आणि सुट्टे पैसे सांभाळायची त्याला सवय आहे. पहिली पिशवी कोणाची तपासायची तेही ठरलंय. सालदाराच्या बायकोला पासष्ट पूर्ण झाली आहेत, तिचा श्रावणबाळचा अर्ज अजून भरलेला नाही.

गुरुजनांनो, तुम्ही आम्हाला शेकडेवारी शिकवली, सरळव्याज शिकवलं, चक्रवाढही शिकवलं. परीक्षेत मला पैकीच्या पैकी होते, आणि साठीजवळ येऊन मी त्याच गणितात नापास झालो. पण बाकावरच्या पोरांनी पेपर दाखवला म्हणून वर्ष वाया गेलं नाही. सर, कॉपी केल्याची ही कबुली आज पहिल्यांदाच तुमच्यासमोर देतो.

आता जेवायला चला. दुसऱ्या शनिवारी पिशवी घेऊन भेटू.